छंद : वरदान की बंधन?

कोल्हापूर ही जशी कलावंतांची नगरी, तशीच ती कारागिरांचीही नगरी आहे. १८९५ साली राजर्षी शाहू महाराजांनी शाहूपुरीची पेठ वसवली आणि गुळाच्या व्यापाराने ती नावारूपास आली. पुढे शिवाजी उद्यमनगरातील फौंड्र्या आणि लेथ मशीनच्या शेड यांनी या शहराला आणखी एक ओळख दिली. चित्रपटासाठी लागणारा कॅमेरा बाबूराव पेंटर यांनी दामल्यांच्या साहाय्याने १९१८ च्या सुमारास येथेच घडवला. परदेशी यंत्रापुढे थक्क होऊन नुसते उभे राहावे, हा या मातीचा स्वभाव नव्हे. ते उघडून पाहावे, त्यातला एखादा भाग स्वतः करून बसवावा, जमल्यास मूळ यंत्रापेक्षा बरा करावा, ही येथील कारागिराची जुनी खोड आहे.

हीच खोड पोटापाण्याच्या उद्योगातून बाहेर पडून फावल्या वेळात शिरली, की तिला आपण छंद म्हणतो. अलीकडे अशा छंदांत एकाची भर पडली आहे. खऱ्या मोटारीची हुबेहूब लहान प्रतिकृती विकत आणायची, ती पूर्ण सुटी करायची आणि वेगळे विकत घेतलेले किंवा स्वतः घडवलेले भाग बसवून तिला नवे रूप द्यायचे. अशा सुट्या भागांना बाजारात ‘आफ्टरमार्केट पार्ट’ म्हणतात. पाहणाऱ्याला हा पोरखेळ वाटतो आणि करणाऱ्याला ती साधना वाटते. प्रौढ, संसारी, श्रद्धावंत माणसाने एका खेळण्यापायी महिनेच्या महिने खर्ची घालावेत, हे योग्य की अयोग्य? प्रश्न वरवर क्षुल्लक आहे, परंतु त्याच्या पोटात वेळ, पैसा, कर्तव्य आणि प्रेम यांविषयीचे मोठे प्रश्न दडलेले आहेत. म्हणून त्याचा थोडा शांतपणे विचार करू या.

प्रथम हे काम कसे चालते ते पाहू. या प्रतिकृती ठरावीक प्रमाणात केलेल्या असतात. १:१८ हे प्रमाण घेतले तर पाच मीटर लांबीची मोटार सुमारे २८ सेंटिमीटरची होते. १:४३ घेतले तर ती साडेअकरा सेंटिमीटरवर येते. अंग बहुधा जस्ताच्या मिश्रधातूचे, साच्यात दाबाने ओतलेले असते. छंदिष्ट माणूस तळाचे स्क्रू काढून अंग आणि सांगाडा वेगळे करतो, कारखान्याचा रंग औषधाने उतरवतो, अस्तराचा हात देतो, पाण्यात भिजवलेल्या बारीक पॉलिश पेपरने घासतो, मग फवाऱ्याने रंगाचे पातळ हात चढवतो. त्यानंतर नवी चाके, रबरी टायर, पितळेच्या पातळ पत्र्यातून रासायनिक पद्धतीने कोरलेली जाळी, आसनांवर कातड्याचा भास देणारा रंग, तळाशी मखमलीचा भुगा चिकटवून केलेला गालिचा, असे एकेक सोपस्कार होतात.

मोटार उघड्या टपाची असेल तर कस अधिकच लागतो. टप असलेल्या गाडीचे अंतरंग काळ्या रंगात उरकून टाकता येते. काचेतून कोण डोकावणार? उघड्या टपाच्या गाडीत मात्र लपवायला जागा नसते. स्टिअरिंगचा दांडा, घड्याळांच्या तबकड्या, आसनांची शिवण, सारे वरून स्पष्ट दिसते. जे आत आहे तेच बाहेर आहे. या गोष्टीकडे आपण पुढे पुन्हा वळू.

या छंदावर घेतला जाणारा पहिला आक्षेप असा : यात त्या माणसाचे स्वतःचे काय? गाडी एका कारखान्याची, चाके दुसऱ्याची, रंग तिसऱ्याचा. विकतच्या वस्तू एकत्र जोडण्याला निर्मिती कसे म्हणावे?

या आक्षेपाला कोल्हापूरकरांच्या डोळ्यांसमोरच उत्तर आहे. दसऱ्याच्या दिवशी छत्रपती घराण्याची जुनी मेबॅक मोटार दसरा चौकात येते आणि लहानथोर तिच्याकडे कौतुकाने पाहतात. छत्रपती राजाराम महाराजांच्या कारकिर्दीतील ही गाडी. मेबॅक ही जर्मनीतील कंपनी १९०९ साली हवाई जहाजांच्या इंजिनांसाठी स्थापन झाली आणि १९२१ पासून मोटारी करू लागली. परंतु त्या काळी ती इंजिन आणि सांगाडा तेवढा करी; वरचे अंग बांधणारे कारागीर वेगळे असत आणि ते ग्राहकाच्या पसंतीप्रमाणे गाडी सजवून देत. म्हणजे ज्या मोटारीला आपण अस्सल आणि एकमेव समजतो, तीदेखील अनेकांच्या हातांचा संगमच होती.

खोलात गेल्यास मानवाची प्रत्येक कृती अशीच असते. शून्यातून निर्मिती करणे हा केवळ परमेश्वराचा अधिकार आहे. आपण त्याने दिलेले आणि इतरांनी घडवलेले घेतो आणि त्यात आपल्या हाताची भर घालतो. पवित्र मिस्सामध्ये आपण वेदीवर गव्हाचे दाणे आणि द्राक्षांचे घड ठेवत नाही, तर भाकर आणि द्राक्षारस ठेवतो. त्यात शेतकरी आहे, दळणारा आहे, भाजणारा आहे. अनेकांच्या श्रमांवर उभे असलेले दान परमेश्वर कमी प्रतीचे मानत नाही. निर्गमाच्या पुस्तकात निवासमंडप उभारण्यासाठी परमेश्वराने बसालेल नावाच्या कारागिराला आपल्या आत्म्याने भरले, असे सांगितले आहे. त्यानेही लोकांनी आणून दिलेले सोने, कापड आणि लाकूड वापरूनच काम केले. तेव्हा सुटे भाग दुसऱ्याचे आहेत एवढ्यावरून हा छंद हिणकस ठरत नाही. प्रश्न आहे तो त्या भागांना जोडणाऱ्या मनाचा. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९८१ मधील आपल्या श्रमविषयक परिपत्रकात हेच सूत्र मांडले आहे : श्रमाचे मोल आधी श्रम करणाऱ्या माणसावरून ठरते, त्यातून निघालेल्या वस्तूवरून नंतर.

दुसरा आक्षेप उपयुक्ततेचा आहे. ही मोटार ना चालते, ना विकली जाते. उद्यमनगरातील पॅटर्न करणारा मिस्त्रीही लाकडात प्रतिकृती घडवतो. परंतु बिडाचे ओतकाम थंड होताना सुमारे एक टक्का आकसते हे जाणून तो आपला पॅटर्न तेवढा मोठा ठेवतो, कारण त्यातून खरा भाग ओतायचा असतो. त्याची प्रतिकृती कामाची आहे. कपाटात ठेवलेल्या मोटारीचे काम काय?

येथे संत थॉमस अक्वायनस आपल्या मदतीस येतात. आपल्या ‘सुम्मा थिओलॉजिआ’ या महाग्रंथात त्यांनी खेळात सद्गुण असू शकतो काय, असा प्रश्न गंभीरपणे विचारला आहे आणि त्याचे उत्तर होकारार्थी दिले आहे. श्रमाने शरीर थकते तसे मनही थकते. शरीराला निद्रा हवी, तसा मनाला खेळ हवा. या संदर्भात ते प्राचीन मठवासीयांच्या संवादांतील एक कथा देतात. संत योहान आपल्या शिष्यांसह खेळत होते, ते पाहून कोणीतरी नाक मुरडले. त्या गृहस्थाजवळ धनुष्य होते. योहानांनी त्याला एकामागून एक बाण सोडावयास सांगितले आणि विचारले, असे सतत करता येईल काय? तो म्हणाला, धनुष्य मोडून जाईल. मनाचेही तसेच आहे, असे योहानांनी त्याला समजावले. संत थॉमस तर पुढे जाऊन म्हणतात की, जो स्वतः कधी हसत नाही आणि इतरांच्या आनंदावरही विरजण घालतो, त्याच्या ठायी दोष आहे. आपल्यातील काही अतिगंभीर धार्मिक मंडळींनी हे अवश्य ध्यानी घ्यावे.

तेव्हा उपयोग नसणे हा अपराध नव्हे. शब्बाथही हिशेबाच्या वहीत बसत नाही. नाताळात आपण घरोघरी गव्हाणी उभारतो, कागदाचे डोंगर, आरशाचे तळे, बोटभर मेंढरे मांडतो, तीही एक प्रतिकृतीच आहे. १२२३ साली ग्रेच्चो येथे संत फ्रान्सिस यांनी प्रभुजन्माचा देखावा जिवंत प्राण्यांसह उभा केला, तेव्हापासून ख्रिस्ती मनाला लहान रूपातून मोठे सत्य पाहण्याची गोडी लागली आहे.

परंतु याच संत थॉमस यांनी खेळाला तीन अटी घातल्या आहेत. खेळ अशिष्ट किंवा कोणाला अपायकारक नसावा. खेळात मनाचा तोल संपूर्ण सुटू नये. आणि तो व्यक्ती, काळ व स्थळ यांना शोभणारा असावा. पहिली अट आपला छंदिष्ट सहज पाळतो. अडचण असते ती उरलेल्या दोहोंची.

शाहूपुरीत राहणाऱ्या एका कुटुंबाची हकिगत येथे देतो. हे संभाषण पापनिवेदनातले नव्हे, आणि ओळख पटू नये इतका बदल मी त्यात केला आहे. गृहस्थ एका फौंड्रीत कामाला. मेहनती, निर्व्यसनी, रविवारची मिस्सा न चुकवणारे. दुबईत असलेल्या धाकट्या भावाने १:१८ प्रमाणाची लाल रंगाची उघडी मोटार भेट दिली, तिथून या छंदाची सुरुवात झाली. आधी चाके बदलली, मग रंग, मग आसने. काही भाग परदेशातून मागवले. मूळ गाडीहून त्यांची किंमत अधिक झाली. खेळण्यांवरील आयात शुल्क २०२० मध्ये २० टक्क्यांवरून ६० टक्क्यांवर आणि २०२३ मध्ये ७० टक्क्यांवर गेले, तेव्हा पुढच्या गाड्याही महाग पडू लागल्या. तरी छंद थांबला नाही. आतल्या खोलीत टेबल आले, दिवा आला, भिंग आले आणि धूळ बसू नये म्हणून दारही बंद झाले.

त्यांच्या पत्नी एके दिवशी मला म्हणाल्या, “फादर, हे काही वाईट करत नाहीत, हे मलाही कळतं. दारूवर पैसे उडवले असते, तर मला भांडता तरी आलं असतं. चार लोक माझ्या बाजूनं उभे राहिले असते. आता मी तक्रार केली की बायकाच मला म्हणतात, तुझा नवरा देवमाणूस आहे. पण फादर, ते घरात असतात आणि घरात नसतात. मुलीच्या शाळेची फी भरायची राहिली होती, ते त्यांना माहीतच नव्हतं.”

पुढे मी त्या गृहस्थांशी बोललो. त्यांनी विचारले, “फादर, मी दारू पितो का? पत्ते खेळतो का? दिवसभर भट्टीसमोर राबतो. रात्रीचे दोन तास माझे नाहीत का?”

वाचकहो, दोघांचेही म्हणणे खरे आहे आणि म्हणूनच प्रश्न अवघड आहे. एका बाजूला थकलेल्या माणसाचा विसाव्याचा न्याय्य हक्क आहे. दुसऱ्या बाजूला पत्नीचा हक्क आहे, आणि तो विवाहसंस्काराच्या वचनातून आला आहे. आपली चूक येथे होते की, आपण दुर्गुणाच्या अभावालाच सद्गुण समजतो. ‘मी दारू पीत नाही’ हे विधान एवढेच सांगते की मी अमुक ठिकाणी नाही. मी कोठे आहे, हे ते सांगत नाही. प्रभूने सांगितलेल्या भल्या शोमरोन्याच्या दाखल्यात याजक आणि लेवी यांनी वाटसरूला मारहाण केली नव्हती की लुटले नव्हते. ते केवळ दुसऱ्या बाजूने निघून गेले.

छंदाचे बंधन कसे होते, याचे मर्म मला त्या छंदाच्या स्वरूपातच दिसते. प्रतिकृती कधीच पूर्ण खरी होऊ शकत नाही. खऱ्या मोटारीवरील रंगाचा थर ढोबळमानाने एक दशांश मिलिमीटर जाड असतो. १:१८ प्रमाणात तो केसाच्या जाडीच्या दहाव्या भागाहूनही पातळ हवा. फवाऱ्याने कितीही हलका हात दिला तरी तेवढा पातळ रंग बसत नाही. मापे अठराव्या हिश्शाने घटली तरी पाण्याचा थेंब, कापडाची वीण, प्रकाशाची चमक ही काही अठराव्या हिश्शाने घटत नाहीत. म्हणून एक उणीव भरून काढली की दुसरी दिसू लागते. चांगली चाके बसवली की जुना रंग फिका वाटतो, रंग दिला की आसने बेढब वाटतात. बाजार याच असमाधानावर चालतो, कारण प्रत्येक उणिवेसाठी कोठेतरी एक सुटा भाग विक्रीस ठेवलेला असतोच.

१२१५ च्या चौथ्या लॅटरन धर्मसभेने असे शिकवले की निर्माता आणि निर्मित यांच्यात कितीही साम्य दाखवले, तरी त्यांच्यातील भेद त्याहून मोठाच राहतो. आपण परमेश्वराच्या प्रतिमेनुसार घडलो आहोत, म्हणजे आपणही एका अर्थी लहान प्रमाणातील प्रतिमा आहोत. मूळ रूपाशी आपला भेद मोठा असूनही परमेश्वर आपल्यावर प्रेम करतो. हे ज्याला उमगले, तो आपल्या हातच्या कामातील उणीव शांतपणे सोसू शकतो. ज्याला उमगले नाही, तो त्या वस्तूकडून पूर्णत्व मागत राहतो, आणि वस्तूजवळ ते देण्यासाठी नसतेच.

‘ज्ञानग्रंथा’च्या तेराव्या अध्यायात एका सुताराचे चित्र आहे. उरलेल्या वाकड्या लाकडाचा तुकडा घेऊन तो फावल्या वेळात कोरतो, त्याला तांबडा रंग देतो, डाग झाकतो, भिंतीत कोनाडा करून तो पडू नये म्हणून खिळ्याने ठोकतो आणि मग त्याच्याकडेच आयुष्य आणि आरोग्य मागतो. हा उतारा वाचताना आपली नजर लगेच इतरांच्या देवघरांकडे वळते. ती आपल्या घरातील कपाटाकडे वळवावी, अशी माझी विनंती आहे. त्या सुताराच्या कौशल्यात किंवा फावल्या वेळात दोष सांगितलेला नाही. दोष आहे तो स्वतःच्या हाताने घडवलेल्या निर्जीव वस्तूकडे जीवन मागण्यात.

याबाबतीत शाहूपुरीच्या कुंभार गल्लीतून शिकण्यासारखे पुष्कळ आहे. आपले हे शेजारी महिनोन्‌महिने राबून गणेशमूर्ती घडवतात, डोळ्यांची आखणी श्वास रोखून करतात, आणि उत्सव संपताच घरोघरची माणसे त्या मूर्तींचे विसर्जन करतात. त्यांच्या श्रद्धेचा अर्थ त्यांनी सांगावा. परंतु एवढ्या मायेने घडवलेले सोडून देण्याची ही सवय मनाला मोठे वळण लावते, हे कोणीही मान्य करील. संत इग्नेशियस लोयोला यांनी ‘आध्यात्मिक साधने’च्या आरंभीच हे तत्त्व घालून दिले आहे. निर्मित वस्तू ज्या प्रमाणात आपल्याला अंतिम ध्येयाकडे नेतात त्या प्रमाणात घ्याव्यात, आणि ज्या प्रमाणात आड येतात त्या प्रमाणात दूर ठेवाव्यात. घेणे आणि सोडणे या दोहोंची मोकळीक ज्याच्यापाशी आहे, तो माणूस स्वतंत्र.

मग व्यवहारात कसोटी कोणती लावावी? मला तीन प्रश्न पुरेसे वाटतात. पहिला न्यायाचा : या छंदासाठी खर्च होणारा पैसा आणि वेळ दुसऱ्या कोणाच्या वाट्याचा तर नाही ना? मुलीची फी, आईचे औषध, गरजूचा वाटा हे आधी दिलेले आहेत ना? दुसरा प्रेमाचा : या छंदाच्या दारातून माझी माणसे आत येऊ शकतात, की दार त्यांच्याचसाठी बंद आहे? तिसरा स्वातंत्र्याचा : उपासकाळाचे चाळीस दिवस मी हे काम आनंदाने बाजूला ठेवू शकेन काय? तिन्ही उत्तरे समाधानकारक असतील, तर माणसाने निर्धास्तपणे आपली मोटार रंगवावी आणि परमेश्वराचे आभार मानावेत. एकही उत्तर अडखळत असेल, तर मोटार फेकण्याची गरज नाही. परंतु तिची जागा बदलण्याची आहे.

त्या गृहस्थांपुढे मी हेच तीन प्रश्न ठेवले. पहिल्यावर ते गप्प झाले. दुसऱ्यावर त्यांनी वाद घातला. रंगाला धूळ लागते, मुले वस्तू हाताळतात, असे त्यांचे म्हणणे. मी त्यांना म्हणालो, “तुम्ही उघड्या टपाची गाडी निवडलीत, कारण तिचे अंतरंग दिसते. तिच्या आसनाची शिवणसुद्धा तुम्ही झाकून ठेवत नाही. मग स्वतःवर एवढा टप कशाला?” ते हसले नाहीत, विचारात पडले.

पुढे काय झाले, तेही सांगतो. मात्र त्यात चमत्कार नाही. टेबल आतल्या खोलीतून बाहेरच्या खोलीत आले. आठवड्याचे दोन दिवस ठरले आणि महिन्याच्या खर्चाला मर्यादा पडली. मुलगी अधूनमधून शेजारी बसते, चिमट्याने एखादा भाग धरून देते. एका गाडीच्या रंगात धुळीचा कण कायमचा अडकला आहे. पत्नीला त्या मोटारींची गोडी आजही नाही आणि ती असावी असा आग्रह धरण्याचे कारणही नाही. त्या मला एवढेच म्हणाल्या, “आता निदान हाक मारली की वर बघतात.”

संसारातील पुष्कळशी पवित्रता अशा वर पाहण्यातच असते. हातातले काम कितीही नाजूक असो, हाक आली की मान वर करणे. परमेश्वराने शमुवेलाला हाक मारली तेव्हा तो झोपेतून उठला. प्रभू येशूने पेत्र आणि अंद्रेया यांना हाक मारली तेव्हा त्यांनी जाळी सोडली. आपल्याला बहुधा जाळी सोडावी लागत नाहीत, क्षणभर खाली ठेवावी लागतात. ती हाक कधी मंदिराच्या घंटेतून येते, कधी स्वयंपाकघरातून, कधी ‘पपा’ म्हणणाऱ्या लेकराच्या तोंडून. जो छंद ही हाक ऐकू देतो, तो परमेश्वराचे वरदान आहे, आणि त्यात रमणाऱ्याला कोणी हसू नये.